वायरही आपली, पडदाही आपलाच

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्या, केबलचं जाळं आणि घराघरांतले सेट टॉप बॉक्स यांचे सन्माननीय मालक महोदय,



पत्र एक आणि आपण अनेक, याबद्दल आधीच क्षमा मागते. बातमी करणारा, ती घरापर्यंत आणणारा आणि महिन्याचे पैसे नेणारा ही पूर्वी तीन वेगळी माणसं असत. ज्याच्याशी भांडण असेल त्याच्याशी भांडता येई. आता भाईंदरच्या घरातून पाहिलं तर आपण सारे एकाच वरच्या मजल्यावर बसलेले दिसता आणि त्या मजल्याची बेल कुठे आहे हे आम्हाला कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

पहिले आभार 2025 च्या जुलैचे. आमचं मीरा-भाईंदर शहर दाखवल्याबद्दल मनापासून आभार.

जूनच्या अखेरीस मीरा रोडच्या एका दुकानदाराला मराठीवरून मारहाण झाली आणि आपल्या ओबी व्हॅन दहिसरचा टोलनाका ओलांडून आल्या. 3 जुलैला व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, ते आपण दाखवलं. 8 जुलैला मराठी माणसांचा मोर्चा निघाला. पहाटेच नेत्यांची धरपकड झाली, बायकांना गाड्यांत कोंबून नेलं, मोर्चात आलेले मंत्री प्रताप सरनाईक घोषणा ऐकून परत फिरले. तेही आपण दाखवलं. दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्तांची बदली झाली, 18 तारखेला राज ठाकरे यांची सभा झाली. ओम शांती चौक ते स्टेशन हा रस्ता त्या दिवसांत महाराष्ट्रभर पोहोचला. आम्हाला मात्र त्या रस्त्यावर रोज चालायचं असतं.

त्याआधीचेही आभार राहून गेलेत. 21 जानेवारी 2024 च्या रात्री, अयोध्येतल्या राममंदिराच्या सोहळ्याच्या आदल्या दिवशी, नया नगरात दोन गट भिडले, तेव्हाही आपण आला होता. दोन दिवसांनी बुलडोझर आले, तेव्हाही आपले कॅमेरे सज्ज होते. आमच्या शहरात माणसाने माणसावर हात उचलला की आपण वेळेवर येता. यात आजवर कधी खंड पडलेला नाही, आणि एवढ्या नेमाने आमच्याकडे महापालिकेचं पाणीसुद्धा येत नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते.

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची सूर्या प्रादेशिक पाणीयोजना आहे. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या प्रकल्पातून रोज 403 दशलक्ष लिटर पाणी आणायचं, त्यातलं 185 वसई-विरारला आणि 218 मीरा-भाईंदरला. वसईकडचा भाग 2023 च्या अखेरीस सुरू झाला. आमच्याकडच्या पाण्याची वाट खाडी ओलांडून येते. जलवाहिनी कुठे अडली, बोगदा किती झाला, शहरातल्या टाक्या तयार आहेत का, आतल्या वाहिन्या बदलल्या का, हे आठ लाखांहून जास्त माणसांच्या घरचे प्रश्न आहेत. 2011 च्या जनगणनेत आम्ही 8,09,378 होतो आणि त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते लोकलच्या दारातून कुणालाही दिसतं.

या एका विषयावर अर्धा तास, नकाशा लावून, अभियंत्याला समोर बसवून केलेला कार्यक्रम आपल्या कुठल्याही वाहिनीवर माझ्या पाहण्यात आलेला नाही. भाषेच्या वादावर मात्र एका संध्याकाळी सहा-सहा पाहुणे आरडाओरडा करताना पाहिले. त्यातल्या कुणाच्या घरी टँकर मागवावा लागत असेल असं वाटलं नाही.

आमच्या सोसायटीचा पाण्याचा अर्ज महापालिकेत पडून आहे. त्यावर मराठी, मारवाडी, गुजराती, मालवणी मुस्लिम, उत्तर भारतीय, मंगळूरकडचे ख्रिस्ती अशा सगळ्यांच्या सह्या आहेत. अर्ज मराठीतच आहे. मसुदा शेजारच्या मारवाडी काकांनी त्यांच्या मुलाच्या मराठी शिक्षिकेकडून तपासून घेतला होता. असा कागद या शहरातल्या शेकडो सोसायट्यांत निघेल. तो आपल्याला दाखवावासा वाटला नाही, याचं दुःख मला त्या जुलैपेक्षा जास्त आहे.

मी मराठी बोलणारी, मराठीसाठी जीव तुटणारी बाई आहे. दुकानात मराठी बोललं जावं, पाट्या मराठीत असाव्यात, हा माझा हट्ट आहे आणि तो मी कुणापुढे झाकत नाही. त्या मोर्चात माझ्या ओळखीच्या कित्येक जणी होत्या. त्यांचं म्हणणं खरं होतं. पण त्यांचं म्हणणं काय आहे हे सलग दोन मिनिटं बोलायला आपण कुणाला दिलं नाहीत. ढकलाढकलीचं चित्र मात्र दिवसभर फिरत ठेवलंत.

आता दुसरे आभार. आमच्या महापालिकेला आपण इतकी वर्षं एकांत दिलात, त्याबद्दल.

इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून 1985 मध्ये नगरपरिषद झाली आणि 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका. 2017 च्या ऑगस्टमध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत 2022 च्या ऑगस्टमध्ये संपली. पुढची निवडणूक वर्षानुवर्षे झाली नाही आणि कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. ठराव मांडणाराही तोच, मंजूर करणाराही तोच. अंदाजपत्रक, कर, रस्त्यांची कंत्राटं, झाडं तोडायच्या परवानग्या, सगळ्यावर एकच सही. सभागृहात विरोधी बाक नव्हता, प्रश्नोत्तरांचा तास नव्हता.

अशा वेळी कॅमेऱ्याची गरज सर्वांत जास्त असते. लोकप्रतिनिधी नसतील तिथे बातमीदाराने जाऊन बसावं, एवढी साधी अपेक्षा. आपण आपल्या बातमीदाराला ‘ठाणे’ हे एवढं मोठं नाव दिलंत आणि त्याच्या एका अंगावर डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मुरबाड, शहापूर आणि आम्ही असे सगळे चढवलेत. तो बिचारा घोडबंदर रोडच्या कोंडीतून आमच्यापर्यंत पोहोचेतो संध्याकाळ होते. त्याचा राग नाही. त्याला एकट्याला पाठवणाऱ्याचा आहे.

आमच्याच शहरातल्या उत्तनच्या वतीनेही आभार मानायचे आहेत. धावगीच्या डोंगरावर आमच्या अख्ख्या शहराचा कचरा जातो. तो वरचेवर पेटतो, मग धूर खाली कोळीवाड्यांवर आणि ख्रिस्ती गावांवर उतरतो. पावसात काळं पाणी शेतांत आणि विहिरींकडे जातं. तिथली माणसं अनेक वर्षं निवेदनं देत आहेत, रस्त्यावर बसत आहेत. त्याच पट्ट्यात डोंगरीला मेट्रोच्या कारशेडसाठी हजारो झाडं तोडायचा प्रस्ताव आला आणि गावकऱ्यांनी हरकतींचा ढीग घातला. उत्तन-विरार सागरी पुलाच्या आराखड्याने बोंबलाचं गाव धास्तावलं आहे. वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या बाईला समुद्रात खांब उभे राहिल्यावर तिच्या नवऱ्याच्या जाळ्याची कव कुठे लागेल, हे विचारायचं आहे. विचारेल कुणाला? आपला माईक तिच्यापर्यंत गेलेला नाही.

एवढं लिहिल्यावर मला कुणी म्हणेल, बाई, राष्ट्रीय जाळ्याच्या वाहिन्यांकडून गल्लीतल्या बातमीची अपेक्षा कशाला? त्यासाठी स्थानिक केबल वाहिनी असते. अगदी बरोबर. म्हणूनच आता त्या वाहिनीचे आभार मानते आणि तिच्या मागे उभं राहून आपलेही.

मला ती वाहिनी जन्मल्यापासून माहीत आहे. 1991 च्या जानेवारीत आखाती युद्ध झालं, लोकांना घरबसल्या सीएनएन दिसू लागलं आणि मुंबईच्या गच्च्यागच्च्यांवर छत्र्या उगवल्या. 1992 च्या ऑक्टोबरमध्ये झी आलं. भाईंदर, मीरा रोडला तेव्हा गिरगाव-परळचं भाडं न झेपणारी कुटुंबं येत होती, मिठागरांच्या कडेने इमारती उठत होत्या. प्रत्येक चार इमारतींमागे एक केबलवाला. गच्चीवरून गच्चीवर वायर टाकणारा पोरगा, महिन्याच्या पाच तारखेला पावतीबुक घेऊन दारात.

त्याच्या खोलीत एक व्हीसीआर असे. रात्री त्यावर तो पिक्चर लावी आणि पिक्चरच्या मध्ये कागदावर हाताने लिहिलेली सूचना दाखवी: उद्या पाणी नाही. अमुक इमारतीतलं मूल हरवलं आहे. रक्त हवं आहे. गणपतीत जेसल पार्कच्या विसर्जनाला भाड्याचा कॅमेरा लावून तो रात्रभर चित्र देई. कायदा नव्हता, परवाना नव्हता, त्या पिक्चरचे हक्कही त्याच्याकडे नसत, हे मला मान्य आहे. पण पडद्यावर आमचं गाव असे आणि मालक चार इमारती पलीकडे राहत असे. सूचना चुकली तर बायका त्याच्या दारात जाऊन उभ्या राहत.

1995 मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा आला, नोंदणी आली. ते गरजेचंच होतं. मग मोठी जाळी आली. ती आकाशातून वाहिन्या उतरवून घेणार आणि गल्लीतला केबलवाला फक्त शेवटचं टोक सांभाळणार. 2012 च्या अखेरीस मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि पुढे सगळीकडे तोच आला. पूर्वी केबलवाल्याच्या खोलीतलं बटण आमचं चित्र ठरवत असे. आता ते बटण त्याच्याकडेही राहिलं नाही. पैसे गोळा करायला मात्र अजून तोच दारात येतो. बिचाऱ्याला शिव्याही त्यालाच बसतात.

आणि मग 17 ऑक्टोबर 2018. त्या दिवशी रिलायन्सने देशातल्या दोन मोठ्या केबल जाळ्यांत, हॅथवेत आणि डेनमध्ये, निर्णायक हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं. दोन्ही मिळून 5,230 कोटी रुपये. हॅथवेबरोबर जीटीपीएल या केबल कंपनीतला तिचा हिस्साही आला. 27,000 स्थानिक केबलचालक आणि सुमारे 2 कोटी 40 लाख घरं, असा हिशेब त्या वेळी कंपनीनेच मांडला. त्या 27,000 मध्ये कितीएक जण असेच एकेकाळी गच्चीवर वायर टाकत फिरलेले असतील.

त्याच्या चार वर्षं आधी पडद्याचा व्यवहार झाला होता. 2014 च्या मे अखेरीस रिलायन्सच्या संचालक मंडळाने नेटवर्क18 ताब्यात घेण्यासाठी आपल्या न्यासाला 4,000 कोटींपर्यंत निधी मंजूर केला. लोकमत समूहाशी भागीदारी करून 2008 मध्ये सुरू झालेली आयबीएन लोकमत ही मराठी वृत्तवाहिनी त्याच नेटवर्कच्या घरातली. 2014 च्याच जुलैत तिचे संपादक निखिल वागळे बाहेर पडले. वाहिनीचं नावही पुढे बदलून न्यूज18 लोकमत झालं. नोव्हेंबर 2024 मध्ये स्टारचा भारतातला कारभार आणि वायाकॉम18 एकत्र आले. 70,352 कोटींचं मूल्य सांगितलं गेलेला तो संसारही याच समूहाच्या हाती गेला. बातमी, मालिका, क्रिकेट आणि ते सगळं घरात आणणारी वायर, असा हा एकत्र कुटुंबाचा गोडवा आहे. मोबाइलवर पाहू म्हटलं तर तिथेही जिओ आहेच.

बाकीच्या मालक मंडळींनी यात रुसू नये. एबीपी माझाचं घराणं कोलकात्याचं, टीव्ही9 चं मूळ हैदराबादचं, झीचं आपलं वेगळं जाळं. आमच्यापासून सगळेच सारखे लांब आहेत. त्यात रिलायन्सचं नरिमन पॉइंटच जवळचं म्हणायचं, निदान भाईंदर लोकल चर्चगेटहून सुटते.

एक गोष्ट स्वच्छ सांगते. मालकाचा फोन येतो आणि बातमी थांबते, असा आरोप मी आपल्यावर करत नाही; माझ्याकडे तसा पुरावा नाही आणि पुराव्यावाचून मी कुणाचं नाव घेणार नाही. माझं गाऱ्हाणं त्याहून साधं आहे. भाईंदरला एक बातमीदार नेमायचा, की त्याच पगारात स्टुडिओत भांडायला आणखी एक खुर्ची मांडायची, हा निर्णय मालकाच्या हिशेबवहीत होतो. बातमीदाराला भाईंदर पालथं घालायला महिने लागतात, खुर्ची संध्याकाळी सातला तयार असते. आपण प्रत्येक वेळी खुर्ची घेतलीत. कुणाला गप्प करण्याची वेळच येत नाही, कारण बोलणारा माणूस तिथे ठेवलेलाच नसतो.

मालकी कुणाच्या हाती एकवटू नये, याचा विचार सरकारदरबारी झालाच नाही असं नाही. 12 ऑगस्ट 2014 रोजी, म्हणजे नेटवर्क18 च्या त्या व्यवहारानंतर तीन महिन्यांच्या आत, दूरसंचार नियामक ट्रायने माध्यमांच्या मालकीबद्दल सविस्तर शिफारशी दिल्या. राजकीय पक्ष, धार्मिक संस्था, सरकारं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी प्रसारणाच्या आणि वितरणाच्या धंद्यात येऊ नये, एकाच हाती वर्तमानपत्र आणि वाहिनी किती असावी याला मर्यादा असावी, मालकी लोकांपुढे उघड असावी, असं त्यात होतं. तसा कायदा मात्र झाला नाही. ज्यांनी तो होऊ दिला नाही त्या सर्वपक्षीय मंडळींनाही या पत्रातून नमस्कार पोहोचो.

नियम केले, ते वापरायची वेळ आली तेव्हा काय झालं तेही पाहू. केबल जाळ्याच्या स्वतःच्या वाहिन्यांना सरकारी भाषेत ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणतात. 30 नोव्हेंबर 2022 रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. वाहिनीमागे नोंदणी शुल्क 1,000 रुपये, फक्त एक हजार. एकूण वाहिन्यांच्या 5 टक्क्यांपर्यंत अशा वाहिन्या चालवायला मुभा. शिवाय स्थानिक मजकुरासाठी जिल्ह्यापुरत्या आणखी दोन. स्थानिक बातम्या द्यायच्या तर कंपनी म्हणून नोंदणी हवी. प्रक्षेपणाचं ध्वनिचित्रमुद्रण 90 दिवस जपून ठेवायचं. आपली सोय इतकी व्यवस्थित पाहिलेला दुसरा सरकारी कागद मला माहीत नाही.

जिल्ह्यासाठी दोन वाहिन्या! केवढी श्रीमंती आहे ही. आगरी, कोळी, वाडवळी, उत्तनच्या ख्रिस्ती घरांतली मराठी, या सगळ्यांना पडद्यावर बसता येईल इतकी जागा दिली आहे सरकारने.

त्या जागेत आपण काय बसवलंत? माझ्या बॉक्सवर, ज्याच्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, त्या क्रमांकांवर जुनी हिंदी गाणी लागतात, पिक्चर लागतात, भजनं लागतात आणि गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागते. जी एक वाहिनी ‘स्थानिक’ म्हणवते तिच्यावर वाढदिवस असतात. भाऊंचा वाढदिवस, दादांचा वाढदिवस, ताईंचा वाढदिवस, साहेबांच्या चिरंजीवांचा वाढदिवस. पुष्पगुच्छ, शाल, केक, मागे सनई. खालून पट्टी सरकते, तिच्यात शुभेच्छुकांची नावं. या परिसरातला प्रत्येक भावी नगरसेवक कोणत्या तिथीला जन्मला हे मला आपल्या कृपेने ठाऊक झालं आहे. आधी निवडून गेलेल्यांनी सभागृहात किती प्रश्न विचारले, हे मात्र कुठे दाखवलं जात नाही.

तिथे बातम्याही असतात, नाही असं नाही. उद्घाटनाची बातमी असते. रस्ता झाला की नारळ फुटताना दिसतो. पहिल्या पावसात तोच रस्ता उखडला की कॅमेरा घरी असतो. कारण नारळ फोडणाऱ्याने जाहिरात दिलेली असते आणि खड्ड्याला जाहिरात देणारा कुणी नाही. त्या वाहिनीत काम करणारी तरुण मुलं मी पाहिली आहेत. स्वतःच्या बाइकवर कॅमेरा घेऊन फिरतात, स्वतःच चित्रण करतात, स्वतःच आवाज देतात, आणि त्यांना जाहिरातीही आणायला सांगितलं जातं. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्यालाच प्रश्न विचारायचा, ही शिक्षा आपण बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांना देता आहात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात एकही वाकडा शब्द नाही.

पैशांचं म्हणाल तर आम्ही फुकटे नाही. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायचा नवा दर लागू झाला तेव्हा नुसत्या वायरीचं भाडं 130 रुपये अधिक कर, म्हणजे 153 रुपये 40 पैसे झालं. त्यात 100 वाहिन्या आणि हव्या त्या सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. वर्षभराने त्याच पैशांत 200 वाहिन्या दिल्या गेल्या. दोनशे! त्यात एकही आमची नाही. बॉक्स लावला की न मागता जी वाहिनी आधी उघडते ती जागासुद्धा विकलेली असते. ती बदलून पुढे जाईपर्यंत आमचं घर कुणाच्या तरी प्रेक्षकसंख्येत मोजलं जाण्याची सोय. आमच्या दिवाणखान्यातल्या पहिल्या सेकंदाचाही आपण भाव केलात.

अमेरिकेतली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. तिथे शहरागणिक आपली वाहिनी असते. ती एबीसी, सीबीएस अशा मोठ्या जाळ्याशी जोडलेली असते, पण संध्याकाळच्या बातम्या शहराच्या: शाळांचं मंडळ, महापौर, हिमवादळ, पूल. तिथेही मालक फार वाढले. सिंक्लेअर नावाच्या कंपनीने एवढ्या वाहिन्या विकत घेतल्या, की 2018 च्या वसंतात तिच्या डझनावारी शहरांतल्या निवेदकांना एकच मजकूर शब्दशः वाचावा लागला. कुणीतरी ते सगळे चेहरे एकत्र जोडून दाखवले तेव्हा देश हादरला. लोकांनी ओरड केली, कारण जाताना दिसत होतं ते त्यांच्या गावाचं होतं. 2025 च्या सप्टेंबरात तिथल्याच स्थानिक वाहिन्यांच्या दोन मोठ्या मालकांनी विनोदवीर जिमी किमेलचा कार्यक्रम आपापल्या वाहिन्यांवरून उतरवला, तेव्हाही लोक स्टेशनच्या मालकाचं नाव घेऊन विचारत होते. मीरा-भाईंदरच्या रस्त्यावर उभं राहून दहा जणांना विचारा, तुमच्या केबलचा मालक कोण? ते पैसे न्यायला येणाऱ्या पोराचं नाव सांगतील.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. वरळीच्या त्या इमारतीतून प्रदीप भिडे बातम्या वाचत, तेव्हा मालक सरकार होतं आणि सरकारवर टीका फारशी नसे, हे मी विसरलेले नाही. त्या काळाकडे परत जाऊ असं मी म्हणत नाही. पण कायद्याने आजही प्रत्येक केबलवाल्याला दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवाव्याच लागतात. लोकांच्या हितासाठी काही जागा राखून ठेवता येते, हे तत्त्व या देशाने केबलच्या पहिल्याच कायद्यात मान्य केलं. दिल्लीची जागा राखता येते, मुंबईची राखता येते, तर नवघर, खारीगाव, मोर्वा, राई, मुर्धे, काशी आणि चेणे यांच्यासाठी एक क्रमांक राखायला कोणती तांत्रिक अडचण आहे?

आता आभार पुरे झाले. मागणी ऐका.

जिल्ह्यासाठी मिळालेल्या दोन वाहिन्यांपैकी एक क्रमांक या शहराला द्या. त्यावर महापालिकेची महासभा आणि स्थायी समिती पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, कापाकापी न करता दाखवा. एक बातमीदार असा ठेवा जो इथे राहतो, ज्याच्या घरी आठवड्यातून दोनदा नळ कोरडा जातो. त्याला पगार द्या, त्याच्याकडून जाहिराती मागू नका. रोज संध्याकाळी अर्धा तास बातम्या द्या. त्यात उत्तनचा वारा आणि भरती-ओहोटी सांगा, कारण तिथली होडी त्यावर निघते. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला महिन्यातून एकदा बसवा आणि फोन खुले ठेवा. ज्यांना मराठी नीट येत नाही त्यांनाही विचारू द्या, उत्तर मराठीत द्या. या शहरात मराठी अशी रुजेल. थपडेने रुजते की नाही यावर आपण रात्र-रात्र चर्चा घडवली आहेच.

आणि वाहिनीच्या कोपऱ्यात, जिथे आपण आपलं चिन्ह लावता, तिथे मालकाचं नाव लिहा. पूर्ण नाव, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत. नाव बदललं तर त्याच दिवशी बदला.

हे परवडत नाही असं सांगू नका. ज्यांना 5,230 कोटींत दोन जाळी परवडली, त्यांना भाईंदरमध्ये एक खोली आणि चार माणसं परवडतात. कमी आहे ती आमची किंमत. आपल्या लेखी हे शहर ग्राहक क्रमांकांची यादी आहे, आणि महिना संपला की ती यादी पैसे देते, म्हणून तिच्याशी बोलायची आपल्याला गरज वाटत नाही. आम्ही एकमेकांना मारतो तेव्हाच आपल्याला आमचे चेहरे दिसतात. ही गोष्ट मला सहन होत नाही, आणि ती गोड शब्दांत सांगायचा माझा प्रयत्न इथे संपला.

महापालिकेचं मुख्यालय भाईंदर पश्चिमेला, छत्रपती शिवाजी महाराज मार्गावर आहे. स्टेशनवर उतरलं की चालत जाता येतं. पुढच्या महासभेची तारीख आपल्या माणसाला विचारायला सांगा आणि कॅमेरा पाठवा. मी प्रेक्षक सज्जात असेन.

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित ग्राहक,
नवघर रोड, भाईंदर (पूर्व)